एक वाटी साखर, चार वाट्या पाणी : हमिंगबर्ड अंगणात यावा म्हणून

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की मी फडताळातून हमिंगबर्ड पक्ष्याला साखरेचं पाणी पाजायचा लाल फीडर काढते, गरम पाण्याने धुते आणि डेकवरच्या आकड्याला अडकवते. बाहेर तेव्हा गारठा असतो, ओकच्या फांद्या उघड्याच असतात. तरीही उशीर करून चालत नाही. मध्य न्यू जर्सीत पहिले हमिंगबर्ड एप्रिलच्या मध्यापासून दिसू लागतात, आणि परतलेला नर आदल्या वर्षी जिथे खायला मिळालं होतं तिथे येऊन बघतो. एका वर्षी रिकाम्या आकड्यासमोर हवेत थांबून तो शोधाशोध करताना मी पाहिला. तेव्हापासून फीडर बाहेर जायची तारीख मी चुकवलेली नाही.

अमेरिकेच्या पूर्व भागात नव्याने राहायला आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. घर भाड्याचं असो, टाउनहाउस असो की मोठ्या बॅकयार्डचं, चार हात जागा पुरते. मनात खास करून आहेत ते आपले आई-वडील. ते मे महिन्यात येतात, ऑक्टोबरात परत जातात. आपण कामावर, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. हमिंगबर्डचा मुक्कामही जवळपास तेवढाच, एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. माझ्या आईच्या इथल्या लांबलचक दुपारी या पक्ष्याने भरून काढल्या, म्हणून मी हे सगळं इतक्या बारकाईने शिकले.

आधी ओळख

आई पहिल्यांदा आली तेव्हा खिडकीतून बघून म्हणाली, "अगं, हा तर आपला शिंजीर!" साताऱ्याच्या घरी जास्वंदीवर शिंजिराची जोडी येते, त्यामुळे तिला तसं वाटणं साहजिक होतं. तशीच बारीक लांब चोच, तसाच चकचकीत रंग, फुलांचा तसाच नाद. पण नात्याने हे दोघे फार लांबचे. शिंजीर चिमणी-बुलबुलांच्या गोतावळ्यातला, तर हमिंगबर्ड पाकोळीचा भाऊबंद. वेगवेगळ्या खंडांवर दोघांनी फुलातला मकरंद काढायचं एकच काम पत्करलं, आणि त्या कामाने दोघांची चोच घडवली. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात. त्यांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत, पण भारतात एकही नाही. गावाकडून 'आमच्या बागेत हमिंगबर्ड' म्हणून जे व्हिडिओ येतात त्यांत शिंजीर असतो, नाहीतर फुलासमोर तरंगणारा हॉक मॉथ हा पतंग.

फरक कळायला एक खूण पुरते. शिंजीर बहुतेक वेळा देठाला धरून, प्रसंगी लोंबकळून फुलात चोच घालतो. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबतो, पितो आणि तोंड न वळवता सरळ मागे सरकतो. त्याचे पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात. शांत दुपारी तो कानाजवळून गेला की भोवरा फिरल्यासारखी गुणगुण ऐकू येते, आणि त्याचं इंग्रजी नाव त्यावरूनच पडलं आहे.

पूर्व अमेरिकेत घरटी करणारी जात एकच, रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. त्यामुळे नवख्या माणसाला पुस्तक घेऊन बसायची गरज नाही. लांबी बोटाएवढी, वजन साधारण ३ ग्रॅम. इथलं एक सेंटचं नाणं २.५ ग्रॅमचं असतं. ते तळहातावर ठेवून बघा, म्हणजे अंदाज येईल. पाठ हिरवी, पोट पांढुरकं. नराचा गळा माणकासारखा लाल, पण हा लाल रंग कुठल्या रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर उजेड पडला की तो उमटतो. म्हणून सावलीत तोच गळा काळा दिसतो आणि त्याने मान जराशी वळवली की फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा पेटतो. मादीचा गळा पांढरा, आणि तिच्या शेपटीच्या कडेच्या पिसांची टोकं पांढरी.

फीडरच्या आधी फुलं

बहुतेक जण दुकानातून फीडर आणून सुरुवात करतात. माझं म्हणणं उलट आहे. या वर्षी एकच गोष्ट जमणार असेल तर एक रोप लावा. साखरेच्या पाण्यातून पक्ष्याला ताकद मिळते, पण अंग धरायला त्याला बारीक माश्या, मच्छरं, कोळी असं काही लागतं, आणि पिल्लांना तर लागतंच. फुलांवर मकरंदही असतो आणि किडेही येतात. शिवाय फुलं धुवावी लागत नाहीत. हे शेवटचं वाक्य आत्ता किरकोळ वाटेल, जुलै महिन्यात आठवेल.

रोप निवडताना वासाचा विचार सोडून द्या. आपण हौसेने मोगरा, निशिगंध कुंडीत जपतो, पण ती फुलं रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी फुलतात. हमिंगबर्डला हवं असतं लाल किंवा केशरी, नळीसारखं लांबट फूल. अशा फुलांना बहुधा वास नसतो.

एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत काही ना काही फुललेलं असावं, एवढं एकच सूत्र धरा. सुरुवातीला येणाऱ्या नरासाठी लाल-पिवळं कोलंबाइन आहे. त्याची फुलं मान खाली घालून झुलतात, आणि झाडाखालच्या अर्ध्या सावलीतही ते तग धरतं. मे महिन्यापासून कोरल हनीसकल हा वेल फुलतो. माझ्या अनुभवात पैसे घालावेत तर या वेलावर. कठड्याला किंवा जाळीला चढवला की दोन वर्षांत भिंतभर होतो आणि पुढे मधून मधून थंडी पडेपर्यंत फुलत राहतो. घेताना मात्र नाव नीट वाचा. जपानी हनीसकल हा पांढऱ्या-पिवळ्या, गोड वासाच्या फुलांचा वेल वेगळा. तो इथल्या जंगलांत घुसून झाडं गुदमरवतो आहे, तो आणू नका. जुलैत बी बाम. हे पुदिन्याच्या कुळातलं, पान चुरडलं की बोटांना वास लागतो. दाटीत लावलं तर पानांवर भुरी येते, म्हणून रोपांत हात-दीड हात अंतर ठेवा. जुलैअखेरपासून कार्डिनल फ्लॉवर. त्याला पाय ओले लागतात, तेव्हा छपराच्या पन्हळीचं पाणी जिथे पडतं ती जागा त्याला द्या.

ऑगस्टमध्ये ओढ्याकाठी, पार्कमधल्या ओलसर वाटांवर केशरी फुलांची जेवलवीड नावाची गर्दी दिसेल. जवळ जाऊन तिची पिकलेली शेंग चिमटीत धरा. ती टचकन फुटून बिया उडाल्या की लहानपणचा तेरडा आठवेल. ही खरोखरच तेरड्याच्या सख्ख्या नात्यातली वनस्पती आहे. परतीच्या प्रवासाची तयारी करणारे हमिंगबर्ड तिच्यावर तुटून पडतात. अंगणाच्या कोपऱ्यात आपोआप उगवली असेल तर उपटू नका.

फक्त बाल्कनी असेल तर कुंडीतला लाल साल्व्हिया, सावलीत टांगायची फुशियाची टोपली, किंवा आपली कर्दळ. कर्दळ मूळची या अमेरिका खंडांतलीच, त्यामुळे ती इथल्या पक्ष्यांना ओळखीची. पण ही नाजूक रोपं एप्रिलमध्ये नर्सरीत दिसली म्हणून लगेच बाहेर ठेवू नका. इथली जुनी माणसं मदर्स डेनंतर, म्हणजे मेच्या मध्यानंतरच ती लावतात, कारण तोवर एखादी दहिवराची रात्र सगळं काळं करून जाते. ट्रम्पेट क्रीपर या वेलाची शिफारस तुम्हाला बरेच जण करतील. हमिंगबर्डला तो फार आवडतो हे खरं, पण तो जमिनीखालून धुमारे काढत भिंतीत, फरशीत शिरतो. एकरभर जागा असेल तरच त्याच्या वाटेला जा.

नर्सरीत रोपावर निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक मारलं आहे का, हे जरूर विचारा. ते रोपाच्या रसातून मकरंदात उतरतं. आणि दर उन्हाळ्यात डासांसाठी अंगणभर फवारणी करून देतो असं सांगत जी माणसं दारावर येतात त्यांना नम्रपणे नाही म्हणा. त्या फवाऱ्यात डासांबरोबर हमिंगबर्डचं अर्धं जेवण मरतं. डासांसाठी कुंड्यांखालच्या बशांतलं साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकणं हा उपाय चांगला आहे. डेकच्या कोपऱ्यातली कोळ्याची जाळीही राहू द्या. का, ते घरट्याच्या गोष्टीत येईलच.

फीडर कोणता, आत काय

बाजारात दोन तऱ्हा मिळतात. एक उलट्या बाटलीसारखी, दुसरी झाकण असलेल्या बशीसारखी. बशी घ्या. ती उन्हात तापून ठिबकत नाही, दोन भाग सुटे होतात आणि कानाकोपऱ्यात हात पोचतो. नक्षीदार काचेची बाटली छान दिसते, पण तिच्या तळाशी ब्रश पोचत नाही. फीडरचा कुठला तरी भाग लाल असला की झालं. पिवळी प्लॅस्टिकची फुलं लावलेला शक्यतो टाळा, कारण पिवळ्या रंगावर गांधीलमाश्या फार येतात. मुंग्यांसाठी वर एक छोटी वाटी अडकवून तिच्यात पाणी भरायचं, मुंगी ते पाणी ओलांडत नाही. तारेला तेल किंवा व्हॅसलीन फासायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते पक्ष्याच्या पिसांना लागलं तर त्याला निघत नाही.

आता पाणी. एक वाटी साधी पांढरी साखर आणि त्याच वाटीने चार वाट्या पाणी. वाटी कुठलीही चालेल, प्रमाण महत्त्वाचं. फुलांतल्या मकरंदाची गोडी साधारण एवढीच असते. पाणी कोमट करून साखर विरघळवा, पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. पाक करायचा नाही. उकळत ठेवलं तर पाणी आटून गोडी वाढते. उरलेलं काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं.

साखरेऐवजी दुसरं काहीही नको. गूळ पौष्टिक म्हणून आई पहिल्या दिवशी गुळाचा खडा घेऊन आली होती, तिला थांबवावं लागलं. गुळात आणि ब्राउन शुगरमध्ये लोह असतं, ते या एवढ्याशा जिवाला बाधतं. मध पाण्यात कालवला की त्यावर झपाट्याने बुरशी धरते. शुगर-फ्री गोळ्यांत ताकदच नाही, पक्षी पीत राहील आणि उपाशी राहील. आणि लाल रंग कधीही घालू नका. मकरंदाला रंग नसतो, फीडरचा लाल काठ पुरेसा आहे. दुकानात मिळणारी लाल तयार बाटली आणि घरची साखर यांत घरची साखर स्वस्त तर आहेच, चांगलीही आहे.

सुरुवातीला पाव वाटी साखरेचंच पाणी करा आणि फीडर अर्ध्याहून कमी भरा. एक पक्षी फार पीत नाही, बाकीचं टाकूनच द्यावं लागतं.

धुणं

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही जुलैमध्ये सहा दिवस बाहेरगावी गेलो. परत आलो तर फीडरच्या भोकांभोवती काळी बुरशी, पाणी ढगाळ आणि आंबूस वासाचं, आणि एक मादी त्यातच चोच घालायला आलेली. मला फार वाईट वाटलं. आंबलेल्या पाण्याने आणि बुरशीने या पक्ष्यांना आजार होतात, आणि ते पाणी मीच टांगलं होतं.

म्हणून आता आमच्या घरचा नेम असा आहे. पारा ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ सेल्सिअसच्या वर असेल तर रोज पाणी बदलायचं. ७० ते ९० मध्ये दर दोन दिवसांनी, फार तर तिसऱ्या दिवशी. एप्रिलच्या आणि सप्टेंबरअखेरच्या थंडीत चार-पाच दिवस चालतं. पाणी संपलेलं नसलं तरी ओतून टाकायचं, वरून भर घालायची नाही. प्रत्येक वेळी फीडर सुटा करून गरम पाण्याने आणि बाटलीच्या ब्रशने धुवायचा, भोकं छोट्या ब्रशने घासायची. आठवड्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवायचा आणि मग भरपूर पाण्याने खळबळायचा. साबणाचा अंश राहू शकतो, म्हणून मी साबण वापरत नाही. दोन फीडर असले की एक धुऊन वाळतो तोवर दुसरा बाहेर.

गावाला जायचं असेल तर फीडर काढून ठेवा. पक्षी उपाशी मरणार नाही, आसपासची फुलं आणि किडे त्याला माहीत असतात. फीडर हवा असतो तो आपल्याला, त्याला जवळून बघता यावं म्हणून. तेव्हा तो घाण ठेवण्यापेक्षा नसलेला बरा.

कुठे टांगायचा

सकाळचं ऊन आणि दुपारी सावली अशी जागा सगळ्यात चांगली. जवळ, पंधरा-वीस फुटांवर, बसायला एखादं झाड किंवा झुडूप असावं. काचेबाबत दक्ष राहा, पक्षी आरपार दिसणाऱ्या बागेकडे वेगाने झेपावतात आणि काचेवर आपटतात. फीडर खिडकीपासून तीन फुटांच्या आत ठेवला तर तिथून उडताना वेग पकडायला अंतर मिळत नाही, म्हणून धोका कमी. काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा दोऱ्या लावणं हा पक्का इलाज.

टाउनहाउसवाल्यांनी आधी आपल्या सोसायटीचे, म्हणजे एचओएचे नियम बघावेत. काही ठिकाणी बाहेर काही टांगायला मनाई असते. अशा वेळी काचेला चिकटणारा वाटीएवढा फीडर मिळतो, आणि खरं तर त्याच्याइतकं जवळून दुसऱ्या कशानेही दिसत नाही. मांजर बाहेर सोडत असाल तर फीडर लावूच नका. न्यू जर्सीच्या वायव्य डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी अस्वलांचा विचार करावा. गोड पाणी त्यांनाही कळतं, एकदा सवय लागली की ती दाराशी येतात. तिथे फुलांवरच भागवलेलं शहाणपणाचं.

एक गोष्ट गॅरेजची. गॅरेजच्या छताला दार सोडवायच्या दोरीचं लाल हँडल लोंबत असतं. उघड्या दारातून हमिंगबर्ड ते फूल समजून आत येतो, आणि घाबरला की वर वर उडत राहतो, खालचं उघडं दार त्याला दिसत नाही. असं झालं तर आतले दिवे बंद करा, दार पूर्ण उघडा आणि दारात फीडर किंवा लाल फुलांची कुंडी ठेवून बाजूला व्हा. त्या हँडलला काळी चिकटपट्टी गुंडाळली की प्रश्नच मिटतो.

बसून बघायचं

फीडर लावल्यावर पहिला पक्षी दोन दिवसांत येईल किंवा तीन आठवड्यांनी. मे आणि जूनच्या सुरुवातीला पक्षी घरट्यांच्या गडबडीत असतात, तेव्हा फेऱ्या कमी होतात. जागा बदलत बसू नका.

बघायची वेळ म्हणजे सकाळचे पहिले दोन तास आणि सूर्य मावळण्याआधीचा अर्धा-पाऊण तास. रात्रभर पोटात काही नसतं, म्हणून सकाळी तो अधाशासारखा येतो. रोज एकाच खुर्चीत, एकाच वेळी बसा. आई सकाळचा चहा घेऊन डेकच्या डाव्या कोपऱ्यात बसायची. पाचव्या-सहाव्या दिवशी पक्षी तिला खांबच समजू लागले. लाल ओढणी किंवा लाल फुलांचा गाऊन असेल तर पक्षी थेट तोंडासमोर येऊन न्याहाळेल. तेव्हा हलू नका, हात पुढे करू नका, क्षणभर थांबून तो जातो.

फीडरकडेच नजर लावून बसायचं नाही, हे मला उशिरा कळलं. आसपासच्या झाडाची एखादी उघडी, वाळलेली काडी शोधा. नर दिवसभरात पुन्हा पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतो, तिथून आपलं राज्य राखतो. काडी सापडली की दुर्बीण तिच्यावर लावून ठेवायची. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण उत्तम, फक्त सहा-सात फुटांवरचंही स्पष्ट दिसेल अशी बघून घ्या. काडीवर बसल्यावर त्याची जीभ दिसते, दोऱ्यासारखी पांढुरकी, टोकाला दोन फाटे फुटलेली. पिताना ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा आत-बाहेर होते. फोनवर स्लो-मोशन लावून फीडरवरचा व्हिडिओ घेतलात तर पंखांची हालचाल उलगडून दिसेल, नातवंडांना दाखवायला याहून चांगलं काही नाही.

मे महिन्यात नर मादीसमोर पाळण्यासारखे झोके घेतो. उंच जातो, सुसाट खाली येतो, पुन्हा तितकाच उंच चढतो. असा झोका दिसला तर आजूबाजूच्या पानांत बघा, मादी कुठेतरी बसलेली असते.

बी बामवर किंवा फ्लॉक्सवर दुपारी छोटासा हमिंगबर्ड दिसला, आणि त्याच्या डोक्यावर दोन मिशा असल्या, तर तो हमिंगबर्ड क्लिअरविंग नावाचा पतंग आहे. इथले लोकही त्याला पिल्लू समजतात. हमिंगबर्डची पिल्लं घरट्याबाहेर पडतात तेव्हा जवळजवळ आई-बापाएवढीच असतात.

एप्रिलच्या किंवा सप्टेंबरच्या थंड सकाळी पक्षी फीडरवर निपचित बसलेला, कधी उलटा लटकलेलाही आढळतो. तो मेलेला नसतो. थंड रात्री ताकद वाचवायला तो अंगाचं तापमान खूप खाली उतरवून गाढ गुंगीत जातो. हात लावू नका, उन्हं आली की अर्ध्या-एक तासात स्वतःच भानावर येतो.

भांडणं

चार जागा असलेला फीडर घेतला म्हणून चार पक्षी मिळून पितील असं नाही. एकच नर सगळ्यांना हुसकावतो. आईला याचा फार राग यायचा, "पाणी एवढं आहे, याच्या बापाचं काय जातं!" पण ३ ग्रॅमच्या जिवाला फुलांचा ताटवा राखणं हाच जगायचा मार्ग आहे, आणि फीडर त्याला न आटणारा ताटवा वाटतो. उपाय एकच. दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला, जिथून पहिला दिसत नाही असा लावायचा. एकाला दोन्हीकडे पहारा करता येत नाही. जुलैअखेर नवी पिल्लं आली की पाठलाग आणखी वाढतात. बघायला खरी मजा तेव्हाच आहे.

घरटं दिसलं तर

घरटं दिसणं हे भाग्य. अर्ध्या अक्रोडाच्या कवचाएवढं, आडव्या फांदीवर बसवलेलं, बाहेरून दगडफुलासारख्या शेवाळाचे तुकडे चिकटवलेलं. अगदी फांदीची गाठच वाटते. ते बांधायला मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरते. ते ताणले जातात, म्हणून पिल्लं वाढतात तसं घरटंही सैलावत जातं. डेकवरची जाळी झाडू नका म्हटलं ते यासाठी. वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी, दोनेक आठवड्यांची उबवण, मग तीन आठवडे पिल्लांना भरवणं, हे सगळं मादी एकटी करते. नराचा त्यात काहीच हात नाही.

फांदी वाकवून आत बघू नका, फोटोसाठी पानं तोडू नका. लांबून दुर्बिणीने बघा. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार इथे घरटं, अंडी, अगदी खाली पडलेलं पीस उचलून घरी नेणंही गुन्हा आहे. मुलं शाळेच्या वहीत पिसं चिकटवतात, त्यांना हे वेळीच सांगा.

परतीचा प्रवास

ऑगस्टमध्ये मोठे नर दिसेनासे होतात, ते आधी निघतात. मागे राहतात माद्या आणि या वर्षीची पिल्लं. पिल्लांतल्या नरांच्या गळ्यावर बारीक रेघा आणि कधी एखादं लाल पीस दिसतं. सप्टेंबरमध्ये पक्षी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पितात, फुगतात, काहींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. पुढे मेक्सिकोचं आखात आहे. अनेक पक्षी ते साधारण ८०० किलोमीटर एका दमात ओलांडतात, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही उडत. हिवाळा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंत काढतात. वेळ मिळाला तर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आई-वडिलांना घेऊन राज्याच्या दक्षिण टोकाला, केप मेला जा. पुढची डेलावेअरची खाडी ओलांडण्याआधी पक्षी तिथे टोकावर गोळा होतात, आणि तिथल्या बागांत फुलांवर हमिंगबर्ड दिसतात.

फीडर लावून ठेवला तर पक्षी जाणारच नाही, ही भीती मनातून काढून टाका. दिवस लहान होऊ लागले की तो निघतो, तुमच्या पाण्याने अडत नाही. उलट उत्तरेकडून येणाऱ्या उशिराच्या वाटसरूला ते उपयोगी पडतं.

हे वेळापत्रक न्यू जर्सी आणि आसपासचं आहे. पश्चिम किनाऱ्यावर, बे एरियात (म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) किंवा सिॲटलला राहत असाल तर तुमच्याकडचा ॲनाज हमिंगबर्ड वर्षभर मुक्कामी असतो. फीडर हिवाळ्यातही चालू ठेवा, आणि कॅलिफोर्नियात झाडांची छाटणी करण्याआधी फांद्या नीट तपासा, कारण ही मादी डिसेंबर-जानेवारीतच घरटं बांधायला घेते. टेक्सासच्या किनाऱ्याकडे सप्टेंबर हाच खरा हंगाम. पूर्वेकडचे परतीचे पक्षी तिथे मोठ्या संख्येने उतरतात, एका फीडरऐवजी तीन-चार लावावे लागतात.

आमच्या कालनिर्णयावर दर वर्षी दोन खुणा असतात, पहिला नर आणि शेवटची मादी. शेवटची मादी बहुधा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्यानंतर दोन-तीन आठवडे मी फीडर ठेवते, अगदी थोडं पाणी घालून, नेमाने बदलत. ऑक्टोबरच्या मध्यानंतर एखादा हमिंगबर्ड आलाच तर नीट बघा. तो पश्चिमेकडचा, वाट वाकडी करून आलेला रूफस असू शकतो, तांबूस अंगाचा. फोटो काढा, कॉर्नेल विद्यापीठाच्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा आणि फीडर काढू नका. रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडली तर झोपताना फीडर घरात घ्यायचा आणि उजाडायच्या आधी पुन्हा बाहेर टांगायचा. तो पहिल्या उजेडालाच येतो.